खळ्यावरचा हँडिकॅप

चार माणसं, एक कुत्रा आणि रविवार सकाळचे तीन तास. एवढ्या भांडवलावर किती किस्से जमतील? फार तर पाच-सहा, असं मला वाटायचं. पण आमच्या गोल्फचं रजिस्टर आजही माझ्या कपाटात आहे, आणि कुठलंही पान उघडलं की प्रत्येक आकड्यामागे कोणीतरी हसत, भांडत नाहीतर देवाची शपथ घेत उभं असतं!

"गोल्फ? वसईत?" असं विचारू नका. सगळे तेच विचारतात. होय, वसईत. भुईगावला, भाताच्या खाचरात, नव्वदीच्या दशकात.

हा खेळ आणला इनास काकांनी. काका आमच्या गोखिवऱ्याच्या वर्कशॉपमध्ये मेंटेनन्सला होते आणि मी इन्स्पेक्शनला. आमचा एक कप होता, पितळेचा, आमच्याच लेथवर काढलेला. दर वर्षी जिंकणाऱ्याचं नाव त्यावर लेटर-पंचाने ठोकायचो. राऊत भाऊंचं नाव त्यावर लागलं, म्हात्रेचं पाच वेळा लागलं, अगदी माझंसुद्धा एकदा लागलं. फक्त काकांचं कधी लागलं नाही. एवढं लक्षात ठेवा, बाकी मी सांगतो.

* * *

काका पंधरा वर्षं आखातात तेल कंपनीत होते. तिथे वाळवंटात साहेबलोक वाळूवरच गोल्फ खेळायचे, त्यांच्यात काकाही शिकले. परत येताना लोकांनी टीव्ही आणले, व्हीसीआर आणले, काकांनी आणली गोल्फच्या स्टिकांची बॅग! सिसिल काकू, म्हणजे त्यांची बायको, दोन दिवस बोलल्या नाहीत.

"मिक्सर सांगितला होता मी," त्या आम्हाला पुढे कित्येक वर्षं ऐकवायच्या.

भात कापून झालं की काकांची आणि शेजारच्या राऊत भाऊंची खाचरं डिसेंबर ते मे मोकळीच असायची. काकांनी तिथे कोर्स आखला. गोल्फला हिरवळ लागते, जिथे चेंडू शेवटी हळूच लोटून खड्ड्यात घालायचा असतो. ती कुठून आणणार? पण तीन खळी होती, मळणीची, शेणाने सारवलेली, गुळगुळीत! मधोमध दुधाच्या पावडरीचा डबा पुरला की झाला होल. प्रत्येक खळ्यावर तीन वेगवेगळ्या दिशांनी यायचं. तीन त्रिक नऊ होल. प्रत्येक होल चार फटक्यांत व्हावा, म्हणजे एकूण पार छत्तीस.

राऊत भाऊ हे वाडीवाले, केळी आणि फुलांची मोठी बाग असलेले. पहिल्या दिवशी त्यांनी बांधावर उभं राहून सगळं शांतपणे पाहिलं.

"इनास, चेंडू खड्ड्यात घालायचा, मग काढायचा, मग दुसऱ्या खड्ड्यात घालायचा?"

"हो."

"यापेक्षा नारळ लावले असतेस!"

पुढच्या रविवारी ते टोपी घालून हजर होते.

* * *

मी मूळचा सातारचा. नोकरीसाठी वसईत फ्लॅट घेतला, बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली, रविवार खायला उठायचा. काकांनी कँटीनमध्ये विचारलं, "इन्स्पेक्टर, येतोस का?" मी गेलो.

चौथा गडी म्हात्रे, आमचा टर्नर. मिठागराकडच्या गावचा. लहानपणी विटीदांडू असा खेळलेला की पहिल्याच दिवशी चेंडू दोन खाचरं ओलांडून गेला. तो बेचाळीस-त्रेचाळीस फटक्यांत नऊ होल संपवायचा. मला सत्तर लागायचे. दुसऱ्या रविवारी मी म्हणालो, "काका, मी नुसता बघत बसतो. माझ्यामुळे कशाला तुमचा खोळंबा?"

काकांनी मला खळ्याच्या कडेला बसवलं आणि हँडिकॅप शिकवला. कार्ड म्हणजे एका रविवारच्या फटक्यांचा हिशेब. आपली शेवटची दहा कार्डं घ्यायची. त्यातली चांगली पाच निवडायची. त्यांची सरासरी काढायची. ती पारपेक्षा जितकी जास्त, तो आपला आकडा, हँडिकॅप. खेळून झाल्यावर आपल्या फटक्यांतून तो आकडा वजा करायचा. उरेल तो नेट. ज्याचा नेट कमी, तो जिंकला.

"आणि वाईट पाच कार्डं?" मी विचारलं.

"ती सोडून द्यायची. तू रोज कसा खेळतोस ते हँडिकॅप बघत नाही रे. तू किती चांगला खेळू शकतोस, ते बघतो."

मी आयुष्यभर मोजमापाचं काम केलं. मायक्रोमीटर लावून दुसऱ्याच्या चुका शोधायच्या, हाच माझा पगार. माणसाचे वाईट दिवस सोडून चांगले तेवढे धरणारी मोजणी मला त्या खळ्यावर पहिल्यांदा भेटली. त्याबद्दल मी काकांचा आजन्म ऋणी आहे.

दहा कार्डं झाली. माझा आकडा आला एकतीस, म्हात्रेचा चार. त्यानंतर एका रविवारी मी मारले पासष्ट, नेट चौतीस. म्हात्रेने मारले बेचाळीस, नेट अडतीस. मी जिंकलो! धावत एसटीडी बूथवर गेलो आणि साताऱ्याला बायकोला फोन लावला.

"अगं, मी गोल्फमध्ये जिंकलो!"

"अय्या! किती झाले तुमचे?"

"पासष्ट."

"आणि त्यांचे?"

"बेचाळीस. पण कमी फटके चांगले असतात."

मग ती म्हणाली, "उन्हात फिरू नका हो. लिंबू सरबत घ्या आणि पडा जरा."

* * *

राऊत भाऊंचा चेंडू एकदा पेंढ्याच्या गंजीत घुसला. नियमाप्रमाणे एक फटका दंड घेऊन चेंडू बाहेर काढता येतो. पण भाऊ तापट. "माझ्या पेंढ्यात माझा चेंडू, दंड कसला?" म्हणाले आणि आत शिरून मारायला लागले. आम्हाला नुसता पेंढा उडताना दिसत होता. त्या एका होलवर तेवीस फटके!

काका म्हणाले, "एका होलने माणसाचा आकडा बिघडता कामा नये. आजपासून कार्डावर एका होलला नऊच्या वर लिहायचं नाही."

भाऊंनी कार्ड पाहिलं. "माझे चौदा फटके गेले कुठे?"

"पेंढ्यात," म्हात्रे म्हणाला. "म्हशीनं खाल्लं आसतील!"

हे भाऊंना फार लागलं. त्यानंतर त्यांनी वाईट कार्ड लिहायचंच बंद केलं. खेळ बिघडला की सातव्या होलवर त्यांना आठवायचं, "अरे, वाडीत पानी सोडायचंय!" आणि ते स्टिक खांद्यावर टाकून चालू पडायचे. कार्ड अर्धवट, म्हणून रजिस्टरमध्ये नाही. असं करत रजिस्टरात नुसती चांगली कार्डं उरली आणि भाऊंचा आकडा आला नऊ. नऊ! गावभर सांगत फिरले. पण खरा खेळ पारपेक्षा अठरा जास्तचा आणि आकडा नऊचा, मग नेटमध्ये जिंकणार कसे? दोन वर्षं दर रविवारी हरले.

शेवटी काकांनी नियम केला. अर्धवट सोडलेल्या होलांना सरळ नऊ-नऊ लिहायचे. पुढच्या रविवारी सातव्या होलवर भाऊ थांबले, वाडीकडे पाहिलं, कार्डाकडे पाहिलं.

मी विचारलं, "काय भाऊ, पाणी?"

"केळींना काल सोडलंय," म्हणाले आणि गुपचूप पुढे खेळले. त्याच वर्षी कपावर त्यांचं नाव लागलं.

* * *

दोन खेळाडूंच्या आकड्यात फरक असला की कमकुवत गड्याला सवलतीचे फटके मिळतात, आणि ते आधी सर्वांत अवघड होलवर मिळतात. म्हणून नऊ होलांना अवघडपणाचे नंबर द्यावे लागतात. कुठला होल सर्वांत अवघड, यावर आमचं महिनाभर भांडण चाललं.

निकाल सिसिल काकूंनी लावला. त्यांच्या घरामागचा पाचवा होल तसा सरळ आणि सोपा. पण तिथे टायगर होता, त्यांचा कुत्रा. त्याला चेंडू आवडायचा. खळ्यावर चेंडू पडला की तो उचलून थेट घरात न्यायचा आणि काकूंच्या पायाशी ठेवायचा. त्यानंतर काकूंकडून चेंडू मागणं हे सगळ्यात अवघड!

"आधी मिक्सर," त्या म्हणायच्या.

म्हणून आमच्या कार्डावर छापून घेतलं होतं: पाचवा होल, टायगर बांधलेला असल्यास नंबर नऊ, सुटा असल्यास नंबर एक. मिक्सर काकांनी पुढच्या नाताळात आणला. टायगरची सवय मात्र तशीच राहिली.

* * *

आता माझा किस्सा. हा मी सहसा सांगत नाही.

पाचव्या वर्षी मला कपाचा मोह झाला. आकडा जितका मोठा तितकी वजाबाकी मोठी, हे इन्स्पेक्शनच्या माणसाला सांगायला नको. मार्चपासून मी मुद्दाम वाईट खेळायला लागलो. दोन फुटांवरचा डबा चुकवायचा, चेंडू बांधाखाली घालवायचा, वर "छे!" म्हणून कपाळाला हात लावायचा. एकतीसचा आकडा छत्तीसवर नेला. आणि कपाच्या दिवशी जीव ओतून खेळलो. सत्तावन्न! नेट एकवीस. पारपेक्षा पंधरा कमी.

कोणी टाळी वाजवली नाही. म्हात्रे खाली बघत होता. भाऊ म्हणाले, "वा, जोशी," आणि पाठ फिरवून आपले चेंडू गोळा करायला लागले.

काकांनी रजिस्टर मागून घेतलं, पेन उघडलं आणि शेवटच्या पानावर नियम लिहिला: ज्याचा नेट पारपेक्षा पाचाहून जास्त कमी येईल, त्याला कप नाही, आणि त्याचा आकडा तिथल्या तिथे खाली येईल. मग कप पिशवीत घातला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निघताना मी रजिस्टर त्यांच्या हातात दिलं. "काका, हे दुसऱ्या कोणाकडे द्या."

त्यांनी ते परत माझ्या काखेत खुपसलं. "तुझ्याकडेच राहू दे. तुझ्याइतकं नीट आता कोणी ठेवणार नाही."

सोमवारी वर्कशॉपमध्ये कोणाला एक शब्द कळला नाही. माझ्या बायकोलाही नाही. तिला हा किस्सा मीच दहा वर्षांनी सांगितला.

* * *

त्यानंतर दोन वर्षांनी, ऐन गणपतीत, काकांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली. जीव वाचला, हळूहळू काठी घेऊन चालायला लागले. पण उजव्या हाताची मूठ वळेना. डॉक्टर म्हणाले, "परत वळेल की नाही, सांगता येत नाही." ज्या माणसाने जन्मभर हातात पाना धरला, त्याला चहाचा कप धरता येईना.

जानेवारीत ते खाचरात आले. काठी टायगरजवळ ठेवली, एकट्या डाव्या हाताने स्टिक धरली आणि मारलं. चेंडू दहा फूट गेला. नऊ होलांना नऊ-नऊ, एक्क्याऐंशी. झटक्याआधी त्यांचा आकडा होता पाच.

मी म्हणालो, "काका, जुनी कार्डं काढून टाकू. नव्याने सुरू करू."

"का? शेवटची दहा म्हणजे शेवटची दहा. तुझा पाय मोडला तेव्हा तुझी काढली होती?"

दहातली चांगली पाच धरायची म्हटल्यावर जुनीच पाच निघणार. म्हणजे पाच रविवार हा माणूस ऐंशी मारून पाच वजा करून घेत होता! दर वेळी सगळ्यांत शेवटी. म्हात्रेचे डोळे भरून यायचे. "काका, मी हळू मारू का?" त्याने एकदा विचारलं.

"मारून तर बघ हळू. कानाखाली देईन, डाव्या हाताने!"

मार्चमध्ये दहाही कार्डं नवी झाली. आकडा आला चौतीस. आणि मग तो उतरायला लागला. तेहेतीस. एकतीस. अठ्ठावीस. डॉक्टर दर महिन्याला "इम्प्रूव्हमेंट आहे" एवढंच म्हणायचे. किती आहे, ते माझं रजिस्टर सांगायचं. सिसिल काकू रविवारी गेटवर उभ्या असायच्या. "कसे आहेत?" असं विचारायच्या नाहीत. "आकडा किती?" विचारायच्या. मी सांगितला की क्रूसाची खूण करून आत जायच्या. कप मिळवायला आकडा मोठा असावा लागतो. पण त्या वर्षी आम्ही तिघेही त्यांचा आकडा खाली यावा म्हणून आपापल्या देवाला साकडं घालत होतो.

मूठ मात्र अजून वळली नव्हती.

* * *

मेचा शेवटचा रविवार, कपाचा दिवस. काकांचा आकडा चोवीस.

पहिल्या होलवर काकांनी काठी ठेवली, डाव्या हाताने स्टिक धरली, आणि मग उजवा हात आणून वर ठेवला. बोटं थरथरत होती. एकेक करून ती मिटली. मूठ वळली! बोललो तर उघडेल, असं वाटलं.

सहा, सहा, पाच, सहा. पाचव्या होलवर टायगरनेसुद्धा चेंडूला तोंड लावलं नाही. शेवटचा चेंडू डब्यात पडला तेव्हा मी बेरीज केली. बावन्न. वजा चोवीस. अठ्ठावीस.

पारपेक्षा आठने कमी.

मी परत बेरीज केली. तिसऱ्यांदा केली. राऊत भाऊ माझ्या खांद्यावरून बघत होते. ते कानाशी आले आणि कुजबुजले, "जोशी, तीन फटके जास्त लिही. नेट एकतीस होईल, नियमात बसेल, कप त्याला मिळेल. आयुष्यभर मी कमी लिहून घेतले, आज तू जास्त लिही!"

पेन्सिल माझ्या हातात होती. खोटं सांगत नाही, टोक कागदाला लागलंही होतं.

"इन्स्पेक्टर," काकांनी हाक मारली, "किती?"

"अठ्ठावीस, काका." मी पेन्सिल खाली ठेवली. "कप नाही."

काकांनी मूठ डोळ्यांसमोर धरली. उघडली, मिटली.

"परत बोल."

"कप नाही, काका."

"असं नाही. सिसिलला ऐकू जाईल असं बोल!"

मी बांधावर चढलो आणि सगळ्या भुईगावाला ऐकू जाईल असा ओरडलो, "काकू, काकांना कप नाही! आठने कमी! कप नाही!" गेटवर काकू मटकन खाली बसल्या आणि पदराने तोंड झाकून रडायला लागल्या. कप म्हात्रेला गेला, पाचव्यांदा. त्याने तो घेतला आणि सगळ्यांत जास्त तोच रडला.

पुढच्या रविवारी काकूंनी आम्हा तिघांना चर्चमध्ये सकाळच्या मिस्साला, म्हणजे प्रार्थनेला बोलावलं. आम्ही इस्त्रीचे शर्ट घालून शेवटच्या बाकावर बसलो. मिस्सा कोणाकोणासाठी अर्पण केली आहे, ते सुरुवातीला वाचून दाखवतात. फादर नवे, बदली होऊन महिनाच झालेला. त्यांनी चिठ्ठ्या वाचायला घेतल्या. एकाचं पुण्यस्मरण. एकाच्या लग्नाची पंचवीस वर्षं. तिसरी चिठ्ठी उघडली.

"इनास यांचा कप हुकल्याबद्दल कुटुंबातर्फे देवाचे..."

फादर थांबले. चिठ्ठी उलटून मागे पाहिलं. चष्मा काढून पुसला. सगळं चर्च माना वळवून पहिल्या रांगेकडे बघायला लागलं.

"हे... बरोबर आहे ना?" त्यांनी हळूच विचारलं.

सिसिल काकू उभ्या राहिल्या.

"बरोबर आहे, फादर. मीच लिहिलंय. आता परत वाचा, मागच्या बाकावर ऐकू गेलं नाही."

फादरांनी खाकरून पहिल्यापासून वाचलं. "इनास यांचा कप हुकल्याबद्दल कुटुंबातर्फे देवाचे मनःपूर्वक आभार."

'आमेन' नेमकं कधी म्हणायचं, ते आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हात्रेने तिथेच म्हणून टाकलं!